चहाआधीचे उपकार

हे मी आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, आणि प्रार्थनेत देवाला सांगायची वेळ आली की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागते आणि आमेन म्हणून मोकळी होते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर — तर तुम्हीही माझीच बाजू घेतली असती. धुळ्यात मला ओळखणारं प्रत्येक माणूस माझी बाजू घेतं. पंचाईत तीच आहे.

मी नर्स होते. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, आता घरीच असते. माहेर जळगावचं, सासर शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातलं, आणि घर धुळ्यात. आमच्या मंडळीत — चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो — मला सुमनसिस्टर म्हणतात. महिला मंडळ माझ्याकडे आहे. आणि माझा बोलायचा विषय ठरलेला: रोजच्या जगण्यात देवाचे उपकार मानणं. त्यावर मी कागद न घेता तासभर बोलू शकते. नळाला पाणी आलं — उपकार. लाइट गेली, पण वारा सुटला — उपकार. पोळी करपली? अगं बायांनो, घरात पीठ होतं म्हणून करपली, माना उपकार! बायका हसायच्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावायच्या. मला बोलता येतं. लहानपणापासून सगळे म्हणायचे, ह्या पोरीच्या जिभेला हाड नाही. कौतुकाने नव्हे.

तर हे जे उपकार मानणं आहे ना — त्याचंच मी काय केलं, ते सांगायचंय. सरळ सांगता येईल का, बघते.

सासरे गेले आणि माय आमच्याकडे राहायला आली. माय म्हणजे माझी सासू. उंच, काटकुळी, हातावर गोंदलेलं. शेतात जन्म गेला, ख्रिस्ती झालेली ती तिच्या घरातली पहिली. बोलणं शेवटपर्यंत अहिराणी. माझ्या जळगावच्या माहेरी आम्ही पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचो, त्याचा मला तोरा होता. तोंडावर मी तिला अहोजाहो करायचे. मनात कधीच केलं नाही.

आणि मायला तक्रारीशिवाय दिवस उगवत नसे. धुळ्याचं पाणी जड, पोट फुगतं. दूध पातळ. गॅसवरच्या भाकरीला चव नाही. गुडघा दुखतो, कंबर धरते, कानात वारा जातो. मी रात्रपाळी करून यायचे. रात्रभर वॉर्डात ‘सिस्टर, दुखतंय’ ऐकून ऐकून कान किटलेले, आणि दारात चपला काढते न काढते तोच, “सुमन, गुडघा दुखस वं.” हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. तेव्हा मी ते कारण म्हणून वापरत होते, म्हणून सांगितलं.

एका सकाळी मी तिचा कप हातातच धरून ठेवला. म्हटलं, “माय, आधी देवाचा एक उपकार सांगा. मग चहा.”

तिला वाटलं मी थट्टा करतेय. हसली. “दे ना वं, थंडा व्हयी ऱ्हायना.” मी कप दिला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. मग म्हणाली, “देवना उपकार, सूर्य उगना.” मी कप दिला.

आमच्या ह्यांना त्याचं इतकं कौतुक! पुढच्या रविवारी भक्ती संपल्यावर त्यांनी चारचौघांत सांगितलं — आमच्याकडे चहाआधी उपकार असतो. झालं. मंडळीतल्या रत्नाअक्काने आपल्या नातवंडांना दुधाआधी उपकार लावला. पाळकसाहेबांनी उपदेशात माझं उदाहरण दिलं. महिला मंडळात मी ‘चहाआधी उपकार’ म्हटलं की बायका पुढचं वाक्य आपणहून म्हणायच्या. मी काही वाईट करत होते का? बघा ना, वरवर किती गोड दिसतं.

पण घरात दार लावल्यावर काय चालायचं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. उपकारात तक्रार मिसळलेली मला चालायची नाही. ‘गुडघा दुखस, पन देवना उपकार’ — नाही. पुन्हा सांगा, माय. दुखण्याचं नाव न काढता. ती अडखळायची, पुन्हा गुडघ्यावरच यायची. तेवढ्यात चहावर साय धरायची. मग तो चहा मी तिच्यासमोर मोरीत ओतायचे. सावकाश ओतायचे. आणि दुसरा टाकायचे नाही.

मायला चहाचं वेड होतं. बशीत ओतून, फुर्र करून, डोळे मिटून प्यायची. तेवढं एकच सुख उरलं होतं तिला. नवरा गेला, शेत सुटलं, घरात अहिराणीत बोलणारं माणूस नाही — मुलगासुद्धा शहरी झालेला. मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. म्हणूनच तर मी चहा निवडला. पाण्यावर अडवलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. चहावर अडवलं, तर त्याला संस्कार म्हणतात.

हे करताना मला बरं वाटायचं. तेही सांगून टाकते. वॉर्डात मला कुणीही हाक मारायचं आणि मला उठावं लागायचं. घरात एक माणूस असं होतं की त्याने काय बोलायचं हे मी ठरवायचे.

उन्हाळा संपेपर्यंत मायची कुरकुर थांबली. पार थांबली. सकाळी पाटावर येऊन बसायची आणि मी कप उचलायच्या आत एक उपकार टाकून मोकळी व्हायची. वारा गार शे, उपकार. कावळा वरडना, उपकार. मी मंडळात उभी राहून सांगितलं, देवाने आमच्या मायचा स्वभाव पालटला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. देवाने पालटला? अहो, भाकरीचा तुकडा दाखवून कुत्रंसुद्धा बसायला शिकतं.

मग डोळ्यांचं आलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा जास्त पिकलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की माय घाबरायची. गावात कुणाचा तरी डोळा गेल्याची गोष्ट तिच्या डोक्यात बसलेली. पण शेवटी तयार झाली, आणि कशामुळे तयार झाली? माझ्यामुळे. शेजारच्या बाईला सांगताना मी ऐकलं — “मना घरमा शिस्टर शे, माले काय भीती?” अभिमानाने सांगत होती. जिने तिचा चहा मोरीत ओतला, तिच्याबद्दल. मी आत पीठ मळत होते. ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, चला, आता कुठे कळली माझी किंमत.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, आणि माय आमच्या ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. “तू म्हातारा व्हयी गया रे!” म्हणाली, आणि रडायलाच लागली. डॉक्टर हसले. मग माझ्याकडे वळली, पदर हातात घेऊन बघितला. “रंग उडेल शे, सुमन. नवं ले.” आणि घरी येताना रिक्षात तिने आपणहून हात जोडले. कप नाही, चहा नाही, कुणी विचारलं नाही. दुकानांच्या पाट्या, रस्त्यावरची गाढवं, केळीच्या गाड्या — बघत होती आणि ओठ हलत होते. तो तिचा खरा उपकार होता. आणि मला — काय सांगू तुम्हाला — मला राग आला. तिला ते माझ्याशिवाय येत होतं म्हणून राग आला.

त्याच रविवारी आमच्याकडे हंगामाची उपकारस्तुती होती. वर्षातून एकदा असते. ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो चर्चमध्ये आणतो. वेदीपुढे केळीचे घड, जोंधळ्याची कणसं, कापसाची बोचकी, भरताची हिरवी वांगी यांची रास लागते. ज्याचं शेत नाही तो साक्ष देतो, म्हणजे उभं राहून वर्षभरात देवाने काय केलं ते सांगतो. त्या वर्षी बाहेरगावचे एक मोठे उपदेशक येणार होते. त्यांच्या कानावर चहाआधीचा उपकार गेला होता, असं पाळकसाहेब म्हणाले. मायची साक्ष ठेवायची ठरली. म्हातारीला दृष्टी मिळाली, आणि ही तीच म्हातारी जिला सिस्टरने उपकार मानायला शिकवलं. मी तिचं पांढरं पातळ स्टार्च करून इस्त्री केलं. माझीही नवी साडी काढली. शेतकरी केळीचा घड आणतो, तशी मी मायला नेणार होते.

आता पुढचं सांगते. म्हणजे जे मी आजवर सगळ्यांना सांगत आले, ते आधी सांगते.

सोमवारी सकाळी मायचा डोळा लाल दिसला, मी तडक दवाखान्यात नेलं. डोळ्यात पू झाला होता. डॉक्टरांनी सुया टोचल्या, भरती केलं, होतं नव्हतं ते केलं. डोळा गेला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, आज सकाळीच कळलं, त्यांनी आधी सांगितलंच नाही. डॉक्टर चिडले. म्हणाले, म्हातारी माणसं अशीच अंगावर काढतात. कालपरवा आणलं असतं तर डोळा वाचला असता. आमचे हे भिंतीला टेकून उभे होते. ते मायला म्हणाले, “माय, सांगायचं ना गं! घरात नर्स आहे तुझ्या!”

माय पट्टीखालून म्हणाली, “मी सांगं नही. तिनी काय चूक?”

बस. एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळीतसुद्धा हेच पसरलं. उलट, बायका म्हणाल्या, बघा, त्रास होत होता तरी उपकारस्तुतीत खंड पडू नये म्हणून म्हातारी बोलली नाही. पाळकसाहेबांनी त्यावरही एक उपदेश केला.

आणि खरं काय?

खरं हे, की मायने सांगितलं होतं. रविवारी सकाळी. अंघोळ करून, ते स्टार्चचं पातळ नेसून पाटावर येऊन बसली. मी कप घेऊन उभी. तिने डोळ्यावर हात धरला होता. म्हणाली, “सुमन, डोया दुखी ऱ्हायना. ठसठस करस. माले धुकं दिसस.”

इतकं स्वच्छ सांगितलं. कुठल्याही डॉक्टरला यापेक्षा जास्त काय लागतं?

मी म्हटलं, “आज उपकारस्तुतीचा दिवस, माय. आणि पहिलं वाक्य दुखण्याचं?”

तिने पुन्हा सांगितलं. तेच. डोळा दुखतोय, धूसर दिसतंय. आवाज लहान झाला होता, पण सांगितलं. मी मोरीपाशी गेले आणि चहा ओतला. दुसरा कप भरला — त्या दिवशी भरला, कारण तिला चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहायचं होतं — आणि तो धरून पुन्हा तिच्यापुढे उभी राहिले. तिला काय करायचं ते माहीत होतं. मग मायने डोळ्यावरचा हात काढला, मांडीवर ठेवला, आणि म्हणाली, “देवना उपकार. माले दिसस.”

मी कप दिला. “हं. अगदी हेच म्हणा चर्चमध्ये,” असंही म्हटलं.

आणि तिने तेच म्हटलं. काळा चष्मा लावून, माझ्या हाताच्या आधाराने ती उभी राहिली. समोर केळी, वांगी, कापूस. तिला त्यातलं काय दिसत होतं देव जाणे. म्हणाली, माले दिसस. मग थांबली. तिचं कोपर माझ्या हातात होतं. ती थांबली तसा मी कोपराला चिमटा घेतला. ती पुढे बोलली. मना पोऱ्यानं तोंड दिसनं, सूननं लुगडं दिसनं, बठ्ठं दिसस, देवना उपकार. चष्म्याखालून पाण्याची धार लागली होती, हनुवटीवरून टपटपत होती. लोकांना वाटलं, आनंदाने रडतेय. मागे कुणीतरी हुंदका दिला. उपदेशकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याही ठेवला. आणि त्या क्षणी मला किती छान वाटलं — ते मी विसरलेले नाही. खोटं कशाला बोलू?

नंतर प्रीतिभोजन होतं. दुपार कलेपर्यंत माय खुर्चीवर बसून होती. ताट तसंच. मी पंगतीत वाढत फिरत होते आणि येताजाता लोकांना सांगत होते, आज आनंदाने तिची भूकच गेली बघा.

तुम्हाला वाटेल, हेच ते. इथे संपलं. मलाही इथे थांबता आलं असतं. रागाच्या भरात ऐकून न ऐकल्यासारखं केलं, डोळा इतका बिघडला असेल हे सुमनला कसं कळणार — असं म्हणून तुम्ही मला थोडी सूट दिली असती. रविवारचं सांगायला एवढा वेळ लावला, तो शनिवारचं सांगावं लागू नये म्हणूनच लावला असेल का? असेल.

शनिवारी संध्याकाळी मी तिच्या डोळ्यात थेंब घातले. रोज मीच घालायचे. ती पलंगावर आडवी, मी खालची पापणी ओढली. पांढरं सगळं लालभडक. आणि बुबुळाच्या आत, खालच्या कडेला, पांढुरकी रेघ. बारीक. नखाच्या मुळाशी असते तेवढी.

ती पुवाची रेघ असते. मी नर्स होते हो. डोळ्यांच्या वॉर्डात काम केलेली नर्स. पेशंटला घरी सोडताना नातेवाइकांना जे सांगायचं असतं ते माझं तोंडपाठ होतं — डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसलं, तर त्याच पावली घेऊन या, रविवार बघू नका, सण बघू नका. कितीतरी लोकांना मी हे बजावलं होतं. एकदोघांना तर उशिरा आणलं म्हणून झापलंही होतं. आणि आता तशीच एक म्हातारी माझ्या स्वतःच्या हाताखाली होती.

मी पापणी सोडली. बाटलीचं झाकण लावलं. माय विचारत होती, “बरा शे ना डोया?” म्हटलं, “थोडा लाल असतोच. झोपा.”

का? मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय, आणि दरवेळी मला काहीतरी मोठं, खोल कारण सापडेल असं वाटतं. सापडत नाही. नेलं असतं तर तिला भरती केलं असतं. भरती केलं असतं तर रविवारी ती चर्चमध्ये नसती. एवढंच. ती नसती, तर मी कुणाचा हात धरून उभी राहणार होते? सोमवारी नेऊ, असं मी ठरवलं. एका दिवसाने काय होतं — हेही म्हटलं मनात. काय होतं ते मला नीट माहीत होतं.

तिने दवाखान्यात मला वाचवलं, ते का? मुलाचा संसार मोडू नये म्हणून? माझी भीती होती म्हणून? का तिला खरंच वाटत होतं की दुखणं सांगितलं तरी ते सांगणं म्हणून धरायचंच नसतं? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याआधी मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तिने करू दिलं नाही. “एक ऱ्हाऊ दे” म्हणाली. तोही हळूहळू पिकत गेला आणि तिला नुसती सावली दिसायला लागली. मी तिला हात धरून चर्चला न्यायचे. लोक आपल्या सुनांना सांगायचे, सुमनसिस्टरकडे बघा, सासूची कशी सेवा करते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मायला होता. मला तर हार पडत होते, आणि मी ते घालून घेत होते.

घरात एक बदल मात्र मी केला. चहा अडवायचं सोडून दिलं. मला पश्चात्ताप झाला असं समजू नका. मला ते ऐकवत नव्हतं. कारण त्या दिवसानंतर मायचा उपकार एकच झाला होता, रोजचा, ठरलेला — “देवना उपकार, सूननी मनी काळजी लिधी.” ज्या बाजूला माझ्या बांगड्या वाजतील त्या बाजूला तोंड करून म्हणायची. मी कप तिच्या हातात ठेवून स्वयंपाकघरात निघून जायचे, तर मोठ्याने म्हणायची. मला वाटायचं, ही टोमणा मारतेय. म्हातारी वस्ताद आहे, रोज सकाळी बरोब्बर जागेवर सुई टोचतेय. एक दिवस माझा तोल गेला. मी ओरडले, “पुरे करा! नका म्हणू ते पुन्हा!”

माय दचकली. चहा हिंदकळून तिच्या बोटांवर सांडला. कुठून आवाज आला ते शोधत तिने मान फिरवली आणि घाबरून विचारलं, “मंग च्या देशी ना?”

चहा तिच्या हातात होता.

त्यानंतर मी तिला कधी थांबवलं नाही. तीही रोज म्हणत राहिली. तिचं म्हणून झालं की मी ‘हं’ म्हणायचे, आणि मग ती बशीत ओतायची. अशी वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात माय वारली. काही आजार नव्हता, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. हळूहळू वाळत गेली, जेवण तुटलं, एका सकाळी उठलीच नाही. शेवटच्या काही महिन्यांत तिच्या अंगाला वास यायचा. मी तिच्यावर ओरडायचे, “माय, अंघोळ नीट करत जा, शेजारी बसवत नाही.” मी घालते म्हटलं की ती मला हात लावू द्यायची नाही, दार लोटून घ्यायची. “हाव, पानी गरम शे, देवना उपकार,” आतून म्हणायची. मला काय, बरंच होतं. तेवढं काम वाचायचं.

आमच्यात घरातल्या बायका मेलेल्या बाईला अंघोळ घालतात. रत्नाअक्का आणि दोघीतिघी आल्या होत्या, त्या बाहेर पाणी तापवत होत्या. मी एकटी आत होते. मी मायच्या चोळीची गाठ सोडली.

डाव्या छातीवर जुन्या लुगड्याचा फडका होता. स्वच्छ, घडी घालून ठेवलेला, वरून चिंधीने नीट बांधलेला. तिने बांधलेला, चाचपडत. मी तो उचलला. खाली मोठी जखम होती, उघडी, आणि तिच्याभोवतीचं सगळं दगडासारखं कडक, थेट काखेपर्यंत. असली गाठ महिन्या-दोन महिन्यांत होत नाही. ती किती दुखते हे मला माहीत आहे. वॉर्डात मी कॅन्सरच्या बायकांना रात्रभर किंचाळताना ऐकलेलं आहे. आणि ही बाई माझ्या घरात, माझ्या समोर पाटावर बसून रोज सकाळी उपकार म्हणत होती आणि आंधळ्या हातांनी फडकी धूत होती. तिने मला सांगितलं नाही. ह्या वेळी खरोखरच सांगितलं नाही.

बाहेर बादलीचा आवाज आला. रत्नाअक्काने विचारलं, “सिस्टर, येऊ का पाणी घेऊन?”

मी फडका होता तसा परत ठेवला. चिंधी बांधली. चोळीची गाठ मारली, पांढरं पातळ गळ्यापर्यंत ओढलं, आणि म्हटलं, “पाणी दाराशी ठेवा अक्का. मी एकटीच आवरते. तिला लाज वाटायची.” बायका दाराबाहेर कुजबुजल्या, सून असावी तर अशी. मी तिला फडका न काढता अंघोळ घातली आणि तो तिच्याबरोबरच पेटीत गेला.

दफनाआधी पाळकसाहेबांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. आमचे हे पुढच्या बाकावर रडत होते. मी म्हटलं, आमच्या मायने शेवटपर्यंत दुखण्याचा एक शब्द काढला नाही. मंडळीने आमेन म्हटलं. मी काय सांगत होते ते मला पूर्ण ठाऊक होतं, आणि माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.